तिसऱ्या भेटीत आठवलेला चेहरा

ताई, नमस्कार.

मी अडतीस वर्षांचा आहे, एका हिशेबतपासनिसाच्या कार्यालयात नोकरी करतो. बावीस वर्षांपूर्वी आमच्या भागात एका तरुण शिक्षिकेचा राहत्या घरात खून झाला. खुनी आजवर सापडलेला नाही. मी तेव्हा तिच्याच शाळेत होतो. गेली तीन वर्षं आम्ही चार मित्र दर रविवारी बसून या प्रकरणाचा अभ्यास करतोय. जुनी कात्रणं, नकाशे, कोण कुठे होतं त्याचे तक्ते, अशा चार फायली भरल्यात.

आमचा संशय एका माणसावर आहे. तो तिच्या ओळखीचा होता. त्याच्याकडे पांढरी गाडी होती, आणि त्या रात्री पांढरी गाडी दिसल्याचं छापून आलं होतं. वार डाव्या हाताने झाल्याचं एका बातमीत होतं आणि हा डावखुरा आहे. खुनानंतर दोन महिन्यांत तो तिथून निघून गेला. माझ्या मित्राने ओळख काढून त्याच्यासमोर सहज विषय काढला तेव्हा तो चपापला. इमारतीचे तेव्हाचे रखवालदार आता ऐंशीच्या पुढे आहेत, एकटे राहतात. त्यांना आम्ही तीनदा भेटलो. पहिल्यांदा ते म्हणाले, कुणीतरी जिना उतरताना दिसलं, चेहरा दिसला नाही. दुसऱ्यांदा म्हणाले, उंच होता. तिसऱ्यांदा आम्ही फोटो दाखवला तेव्हा म्हणाले, "हो, हाच." आम्ही गेलो की त्यांना फार बरं वाटतं, एरवी त्यांच्याकडे कुणी येत नाही.

पोलिसांना चार महिन्यांपूर्वी सांगितलं. "पाहतो" म्हणाले, पुढे काही नाही. मित्र म्हणतो, नाव आणि फोटो जाहीर करून टाकू, व्हिडिओ तयार आहे. पुढच्या महिन्यात तिचा स्मृतिदिन आहे, त्याआधी तिच्या आईला भेटून सांगायचंही ठरतंय. माझी झोप उडालीय. बायको म्हणते, तुला त्या गेलेल्या बाईचं वेड लागलंय. मी काय करू?

— झोप उडालेला

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मलाही वाटलं, अरे, सापडला की हा! गाडी, डावा हात, निघून जाणं, वर साक्षीदारही. दुसऱ्यांदा वाचताना त्या रखवालदार आजोबांपाशी अडकले आणि तिथून पुढे जाताच येईना. म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करते. त्याआधी घाईचं तेवढं सांगून टाकते: व्हिडिओ आजच थांबवा, नाव कुठेही जाऊ देऊ नका, आणि तिच्या आईकडे जाऊ नका. पोलिसांकडे पुन्हा जा, पण वेगळे कागद घेऊन. ते कोणते, ते पुढे येईल.

तर आजोबा. पहिल्या भेटीत त्यांनी तुम्हाला उत्तर दिलं होतं: चेहरा दिसला नाही. ते तुम्हाला पुरलं नाही म्हणून तुम्ही पुन्हा गेलात. आता त्यांच्या खुर्चीत बसून पाहा. दिवसचे दिवस दार वाजत नाही, आणि मग चार तरुण येतात, आस्थेने विचारतात, तासभर ऐकून घेतात. उठताना त्यांच्या चेहऱ्यावर थोडी निराशा असते. पुढच्या खेपेला आजोबा थोडं जास्त देतात: उंच होता. तुम्ही खूश. तिसऱ्या खेपेला तुम्ही फोटो आणता. किती फोटो होते, ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण एकच असणार, कारण दुसऱ्या कुणाचा आणायचं तुमच्या मनातच नव्हतं. एकच फोटो समोर ठेवला की "यातला कोण?" हा प्रश्न उरत नाही, "हाच ना?" एवढाच उरतो. आजोबा तुमच्याशी खोटं बोलले असं मला मुळीच म्हणायचं नाही. वाईट याचं वाटतं की आता डोळे मिटले तर त्यांना जिन्यात खरोखरच तो चेहरा दिसत असेल, आणि पहिल्या भेटीतला अंधार आता कुणालाच परत आणता येणार नाही.

एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांचा १९७४ मधला एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखवली. मग काहींना विचारलं, गाड्या एकमेकींवर धडकल्या तेव्हा वेग किती होता? दुसऱ्या काहींना विचारताना "धडकल्या"च्या जागी "आपटून चेचल्या" अशा धाटणीचा शब्द घातला. आठवड्यानंतर सगळ्यांना विचारलं, काचा फुटलेल्या पाहिल्यात का? चित्रफितीत फुटक्या काचा नव्हत्याच. तरी सौम्य शब्द ऐकलेल्यांपैकी १४ टक्के "हो" म्हणाले आणि कडक शब्द ऐकलेल्यांपैकी ३२ टक्के. एक शब्द आणि एक आठवडा, एवढ्यात हे झालं. तुमच्याकडे बावीस वर्षं आहेत, तीन भेटी आहेत आणि एक फोटो आहे.

ओळख पटवायची खरी पद्धत वेगळी असते. साधारण सारख्या दिसणाऱ्या अनेक माणसांचे फोटो ठेवतात, आणि दाखवणाऱ्यालाच माहीत नसतं की संशयित कोणता. माहीत असेल तर त्याच्या मानेच्या हालचालीवरूनही समोरच्याला कळतं. हे नियम हवेतून आलेले नाहीत, माणसं तुरुंगात सडून आलेत. १९०८ मध्ये ग्लासगोत मॅरियन गिलख्रिस्ट या वृद्ध बाईंचा घरात खून झाला. ऑस्कर स्लेटर नावाच्या माणसावर संशय गेला, कारण त्याने एक ब्रोच गहाण ठेवला होता आणि बाईंच्या घरातूनही एक ब्रोच गेला होता. गहाण पडलेला ब्रोच त्या बाईंचा नव्हताच, हे लवकरच कळलं. पण तोवर संशयाला माणूस मिळाला होता. साक्षीदारांनी त्याला ओळखलं, आणि ओळख परेडीआधी त्यांना त्याचा फोटो दाखवलेला होता. फाशीची शिक्षा झाली, ती जन्मठेपेवर आली, आणि १९२७ पर्यंत, म्हणजे अठरा वर्षांहून जास्त, तो माणूस आत राहिला. १९२८ मध्ये त्याची शिक्षा रद्द झाली.

त्याच्यासाठी भांडणाऱ्यांत आर्थर कॉनन डॉयल होते. होय, शेरलॉक होम्सचे जनक. जगातल्या यच्चयावत हौशी गुप्तहेरांचा आजा म्हणावा असा माणूस, पण या प्रकरणात त्यांनी केलं काय? १९१२ मध्ये पुस्तिका लिहून पुरावा कुठे कुठे पोकळ आहे ते दाखवलं. पुढेही वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. मला ते फार शहाणपणाचं वाटतं. बाहेर बसून कागद वाचणाऱ्याला इमारत बांधता येत नाही, पण भिंतीतली भेग त्याला कधीकधी आतल्यांपेक्षा आधी दिसते. तुम्ही मात्र बांधायला घेतलीत.

एक गोष्ट तुमच्या मित्रालाही वाचून दाखवा. समजा तुमचा संशय खरा आहे. खटला उभा राहिला. आरोपीचा वकील आजोबांना विचारेल, फोटो कुणी दाखवला? किती दाखवले? त्याआधी तुम्ही काय म्हणाला होतात? पाच मिनिटांत ती साक्ष संपली. म्हणजे तो माणूस निर्दोष असेल तर तुमच्या तिसऱ्या भेटीने एका निर्दोषावर ठपका आला, आणि दोषी असेल तर त्याच्या सुटकेची सोय झाली. दोन्हीकडून तोटाच.

आता बाकीच्या खुणा. तुम्ही हिशेबाच्या कामातले आहात, तर चला, हिशेब करू. तुमच्या भागात त्या वेळी पन्नास हजार प्रौढ पुरुष होते असं धरू. जगात सुमारे दहा टक्के लोक डावखुरे असतात, म्हणजे पाच हजार झाले. त्यांतल्या पाचात एकाकडे पांढरी गाडी, असं धरलं तर एक हजार. त्यांतला पन्नासात एक जण दोन महिन्यांत बदलीमुळे, भाड्यामुळे, भांडणामुळे, कशामुळे तरी घर सोडून गेला, तर उरले वीस. डावखुऱ्यांचा सोडला तर बाकीचे आकडे माझ्या मनाचे आहेत, तुम्ही तुमचे घाला. तरीही एक उरणार नाही. राहिला "तिच्या ओळखीचा". शिक्षिकेच्या ओळखीचं कोण नसतं? तुम्हीसुद्धा तिच्या शाळेत होतात.

वीसांतला तुमचा एकच कसा निघाला? पत्रात तुम्ही क्रम सांगितलेला नाही, पण माझा अंदाज असा की आधी नाव सुचलं आणि मग खुणा सापडत गेल्या. गणिताच्या पुस्तकात मागचं उत्तर आधी पाहून मग पायऱ्या लिहिल्या की पायऱ्या बरोबर येतातच. मी चुकत असेन तर सांगा. पण हे उत्तर पाठवण्याआधी त्या चार फायलींमध्ये एक गोष्ट शोधा: त्याच्या विरुद्ध न जाणारी, त्याला सोडवणारी किती पानं आहेत? तीन वर्षांत असं एकही पान जमलं नसेल, तर ते तसं मिळालंच नाही म्हणून की कुणी शोधलंच नाही म्हणून?

शिवाय त्या खुणांचा उगम पाहा. डाव्या हाताचे वार, हे कुणी सांगितलं? बातमीदाराने. त्याला कुणी सांगितलं, देव जाणे. जखमेवरून हात ओळखणं हे कथेत जितकं सोपं असतं तितकं शवविच्छेदनाच्या टेबलावर नसतं. मारणारा समोर होता की मागे, ती वळली होती की खाली पडली होती, यावर सगळं फिरतं. आणि मित्रासमोर तो चपापला म्हणता? एखाद्या जवळजवळ अनोळखी माणसाने गप्पा मारता मारता तुमच्या ओळखीतल्या बाईचा खून काढला तर तुम्ही काय कराल? चेहऱ्यावरून खरंखोटं ओळखण्यात आपण सगळेच स्वतःला पटाईत समजतो. २००६ मध्ये बॉन्ड आणि डीपॉलो या संशोधकांनी दोनशेहून जास्त अभ्यास एकत्र करून पाहिले, तर सरासरी निघाली ५४ टक्के. नाणं उडवलं असतं तर पन्नास.

आणि जे छापून आलं नाही त्याचं काय? खुनाच्या तपासात काही तपशील पोलीस मुद्दाम बाहेर येऊ देत नाहीत. गाजलेल्या खुनानंतर "मीच केला" म्हणत येणारे लोक असतात. १९४७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये एलिझाबेथ शॉर्टचा खून झाला, ज्याला ब्लॅक डेलिया प्रकरण म्हणतात, तेव्हा असे कबुलीदार डझनांनी आले. खरा कोण आणि हौशी कोण, हे पारखायला कुणालाच न सांगितलेली एखादी गोष्ट हाताशी ठेवावी लागते. म्हणजे तुमच्या फायलीत जे आहे ते चाळणीतून मुद्दाम खाली सोडलेलं आहे. तुमच्या माणसाला पोलिसांनी बावीस वर्षांपूर्वीच बोलावून, तपासून, यादीतून काढलंही असेल. कुणाला यादीतून काढलं, याची बातमी येत नाही.

पोलीस नेहमी बरोबर असतात, असं माझं म्हणणं नाही. फायली धूळ खात पडतात, हे मलाही माहीत आहे. तेही फशी पडतात. उत्तर इंग्लंडमध्ये बायकांचे एकामागून एक खून होत होते तेव्हा १९७८-७९ मध्ये कुणीतरी पत्रं पाठवली आणि मग एक ध्वनिफीत: मीच तो. पत्रात फक्त खुन्यालाच ठाऊक असेल असा तपशील आहे, असं तपास अधिकाऱ्यांना वाटलं, आणि तो आधीच वर्तमानपत्रात येऊन गेला होता. फितीतल्या बोलीवरून माणूस ईशान्य इंग्लंडमधल्या संडरलँडकडचा ठरला. त्या बोलीत न बोलणारे बाजूला पडले. खरा खुनी पीटर सटक्लिफ याची पोलिसांनी नऊ वेळा चौकशी केली होती. त्या फितीनंतर आणखी तीन बायका मारल्या गेल्या, मग १९८१ च्या जानेवारीत तो सापडला, तोही गाडीच्या खोट्या नंबरपट्टीमुळे. फीत पाठवणारा पंचवीसहून जास्त वर्षांनी, २००५ मध्ये, पाकिटावरच्या डीएनएवरून पकडला गेला. एक चुकीची खूण आत शिरली की ती काय करते, ते दाखवायला ही हकिकत सांगितली. तुमचे "हो, हाच" आज त्या फितीच्या जागी आहेत.

नाव जाहीर करण्याबद्दल. मराठीत आपण "ध चा मा" म्हणतो. नारायणराव पेशव्यांचा खून १७७३ चा. आनंदीबाईंनी "धरावे"चं "मारावे" केलं, हे शाळेतल्या पोराला माहीत असतं. कशावरून, असं विचारलं तर मोठीही माणसं इकडेतिकडे बघतात. रामशास्त्र्यांनी दोष ठेवला तो राघोबादादांवर. पण अडीचशे वर्षं वाक्प्रचारात कोण अडकलंय? अशा नावाला नंतर खुलासा चिकटत नाही. लंडनमधल्या १८८८ च्या खुनांबद्दल, जॅक द रिपरच्या, आजवर शंभराहून जास्त जणांची नावं घेतली गेलीत. शंभरांतली निदान नव्व्याण्णव चुकीची असणार, हे तरी कबूल कराल? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर संन्याशांची रांग लागलीय. ती माणसं मेलेली आहेत म्हणून हा खेळ चालून जातो. तुमचा माणूस जिवंत आहे, त्याच्या घरात आणखीही माणसं असतील.

इथे मला स्वतःचं एक सांगायला हवं, नाहीतर मी उंच माडीवरून बोलतेय असं वाटेल. पूर्वी मी जिथे नोकरीला होते तिथे निनावी पत्रं येऊ लागली, सहकाऱ्यांबद्दल घाणेरडा मजकूर असलेली. मी भाषेतली माणूस, मी पत्रं वाचून शोध लावला: लिहिणारा सगळीकडे "की"च्या जागी ऱ्हस्व "कि" लिहितो. आमच्यात एक गृहस्थ तसं लिहायचे. मी दोघींना सांगितलं, फक्त दोघींना, आणि "तुझ्यापाशीच ठेव" असंही म्हणाले. पंधरा दिवसांत जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहायला लागली. पुढे पत्रं लिहिणारा सापडला, तो दुसराच होता. नंतर पाहिलं तर निम्मं कार्यालय "कि" लिहीत होतं, मी फक्त यांच्याच कागदावर बघितलं होतं. मी माफी मागायला गेले. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुम्ही ज्यांना सांगितलंत, त्यांनी ज्यांना सांगितलं, त्या सगळ्यांना आता सांगाल का?" मी प्रयत्न केला. चौथ्या-पाचव्या माणसापुढे माग लागेना. त्यांनी वर्षभरात नोकरी सोडली. ती माझ्यामुळे सोडली का, ते विचारायचं मला धैर्य झालं नाही.

माझ्या वेळी ते तोंडातोंडी गेलं होतं. तुमचा मित्र व्हिडिओ म्हणतोय.

आता असं बघा की खरा तपास नावापाशी कसा थांबतो. १९७० आणि ८० च्या दशकांत कॅलिफोर्नियात तेरा खून आणि कितीतरी बलात्कार करणारा एक माणूस दशकानुदशकं सापडला नव्हता. तपास करणाऱ्यांकडे त्याचा डीएनए होता. वंशावळीच्या माहितीवरून ते २०१७ मध्ये ओरेगॉनमधल्या एका शुश्रूषागृहात पोचले, तिथे ७३ वर्षांचा एक आजारी माणूस होता. कागदावर धागा जुळत होता. त्यांनी नमुना घेतला, तपासला. तो नव्हता. पुढच्या वर्षी दुसऱ्या वंशवृक्षावरून जोसेफ डीअँजेलोचं नाव पुढे आलं, तो तर माजी पोलीस. तेव्हाही आधी त्याच्या गाडीच्या दाराच्या मुठीवरचा आणि मग फेकलेल्या टिश्यू पेपरवरचा डीएनए जुळवला आणि मगच हात घातला. तोवर संशयितांमध्ये त्याचं नाव कधी आलंच नव्हतं, म्हणजे हौशींनी इतकी वर्षं ज्यांच्यावर बोटं ठेवली ते सगळे दुसरेच होते. त्या शुश्रूषागृहातल्या आजोबांचं नाव तपासाआधी कुणी व्हिडिओत घातलं असतं तर? त्यांच्याविरुद्धचा धागा तुमच्या पांढऱ्या गाडीपेक्षा जाड होता.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल, म्हणजे तीन वर्षं पाण्यात. तसं मला वाटत नाही. हौशी माणसांनी मोठी कामं केलीत, फक्त ती कोणती, ते बघण्यासारखं आहे. झोडियॅक नावाने पत्रं लिहिणाऱ्या खुन्याने १९६९ मध्ये ३४० चिन्हांचा एक सांकेतिक मजकूर सॅन फ्रान्सिस्कोच्या वर्तमानपत्राला पाठवला होता. तो एक्कावन्न वर्षं कुणाला सुटला नाही. डिसेंबर २०२० मध्ये तिघांनी सोडवला: अमेरिकेतले डेव्हिड ओरँचॅक, ऑस्ट्रेलियातले गणिती सॅम ब्लेक आणि बेल्जियमचे यार्ल व्हॅन आयके. उलगडा त्यांनी एफबीआयकडे दिला, एफबीआयने तो बरोबर असल्याचं सांगितलं. त्या मजकुरात खुन्याचं नाव नव्हतं, आणि या तिघांनीही कुणाचं चिकटवलं नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त जवळची. १९६८ मध्ये केंटकीत रस्त्याकडेला तंबूच्या कापडात गुंडाळलेला एका तरुणीचा मृतदेह सापडला. ती कोण, हे कळेना, म्हणून तिला "टेंट गर्ल" म्हणू लागले. ज्याला तो मृतदेह सापडला त्याच्या जावयाला, टॉड मॅथ्यूज या कारखान्यातल्या कामगाराला, या गोष्टीने झपाटलं. तुमच्यासारखीच त्याचीही झोप गेली. हरवलेल्या माणसांच्या नोंदी वाचत तो रात्री काढायचा. १९९८ मध्ये एका रात्री त्याला एका बाईची नोंद दिसली: माझी बहीण १९६७ च्या शेवटापासून बेपत्ता आहे. वर्णन जुळत होतं. त्याने ते अधिकाऱ्यांना कळवलं, मृतदेह उकरून डीएनए तपासला आणि तीस वर्षांनी त्या मुलीच्या थडग्यावर बार्बरा हॅकमन टेलर हे नाव आलं. म्हणजे त्यानेही नावच शोधलं, फक्त मेलेल्या माणसाचं.

तुमच्या शिक्षिकेला नाव आहे, खरंय. पण तुमच्या पत्रात ते एकदाही आलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं का? छापण्यासाठी वगळलं असेल, तर उत्तम. तरी ती काय शिकवायची, हेही नाही. संशयिताबद्दल मात्र गाडीच्या रंगापर्यंत सगळं आहे. बायको "वेड" म्हणते ना, त्यात मला थोडीशी दुरुस्ती करावीशी वाटते: तुमचं वेड त्या बाईंचं नाहीच, त्या माणसाचं आहे.

तर पोलिसांकडे नेण्याचे कागद. "खुनी कोण" असं शीर्षक असलेली फाइल घरी ठेवा. जी माहिती तुम्ही स्वतः मिळवलीत, जी आधी कुठे छापलेली नाही, तेवढीच वेगळी काढा. बहुधा दोन-तीन पानं निघतील, लाजू नका. प्रत्येक गोष्टीपुढे लिहा: कुणी सांगितली, कोणत्या तारखेला, आम्ही नेमका काय प्रश्न विचारला, त्यांनी कोणत्या शब्दांत उत्तर दिलं. आजोबांच्या तिन्ही भेटी लिहा. पहिली सगळ्यात सविस्तर, कारण ती एकटीच कामाची आहे. तिसऱ्या भेटीत फोटो दाखवल्याचंही लिहा. हे लिहिताना हात अडखळेल, तरी लिहा, नाहीतर उद्या एखादा अधिकारी ती ओळख खरी धरून चालेल. कात्रणं जोडू नका, ती त्यांच्याकडे आहेत. निष्कर्ष लिहायचाच झाला तर शेवटी एका ओळीत, आणि तो आमचा तर्क आहे असं म्हणून. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, उत्तर आलं नाही तर वरच्या अधिकाऱ्याकडे तोच कागद पाठवा. दर आठवड्याला जाऊन बसू नका.

तिच्या आईबद्दल मी वर "जाऊ नका" म्हटलं. एकच अपवाद: त्यांनी स्वतः बोलावलं तर. बावीस वर्षांत त्या माउलीच्या दारात किती जण "आम्हाला माहीत आहे" म्हणत आले असतील, कुणास ठाऊक. तुम्ही नाव सांगून घरी याल, रविवारी पुन्हा फाइल उघडाल. त्या मात्र ते नाव घेऊन झोपायला जातील, आणि उद्या ते चूक ठरलं तर तुम्ही त्यांना पुन्हा जाऊन सांगाल का? तपास पुढे नेण्यासाठी त्यांनाच अर्ज करायचा असेल आणि त्यात कागदपत्रांची मदत हवी असेल, तर तुमच्याइतकी तयारी असलेली माणसं त्यांना मिळणार नाहीत. पण ते त्यांनी मागितलं तर.

मित्र ऐकणार नाही, अशी भीती तुम्हाला असणार. पत्रात तुम्ही ती लिहिली नाहीत, पण मला ती दिसते. त्याला माझा उपदेश ऐकवू नका. व्हिडिओत तुमचा आवाज, तुमचा कागद, तुमच्या भेटी वापरायला तुमची परवानगी नाही, एवढंच लेखी कळवा, आणि बदनामीचा दावा लागला तर "आम्हाला खात्री होती" हे उत्तर चालत नाही, हेही. काही माणसं विवेकापेक्षा वकिलाला लवकर ऐकतात. दोन रविवार सुट्टी घ्या. झोपेचं तिथपर्यंत सुधारलं नाही तर डॉक्टरांना भेटा, त्यात कमीपणा नाही.

आणि आजोबा. त्यांच्याकडे चौथ्यांदा त्या कामासाठी जाऊ नका. त्या रात्रीचं एक अक्षरही आता त्यांना विचारू नका, त्यांनी काढलं तरी विषय बदला. पण जा. वही, फोटो, मित्र, सगळं घरी ठेवून एकटेच जा. तुमच्याशिवाय त्यांच्याकडे कुणी येत नाही, असं तुम्हीच लिहिलंय.